मार्चमधला बाजार : अमेरिकन फुटबॉलची फ्री एजन्सी पहिल्यांदा बघताना

फिलाडेल्फियाजवळ राहायला आलो, त्याच्या पुढच्याच मार्चमध्ये मी ऑफिसात जेवणाच्या टेबलावर तोंडघशी पडलो. कुठल्याशा खेळाडूला चार वर्षांचे आठ कोटी डॉलर मिळाल्याची बातमी होती. मी मोठ्या जाणकाराच्या थाटात म्हणालो, "म्हणजे वर्षाला दोन कोटी. या संघाकडे तर पगाराच्या मर्यादेत दीडच कोटींची जागा उरलीय. नियम मोडला की यांनी!" सगळे हसले. शेजारी बसलेला, जन्मापासून ईगल्सचा, म्हणजे फिलाडेल्फियाच्या संघाचा चाहता असलेला एक सहकारी मात्र हसला नाही. त्याने पेपर नॅपकिन उलटा केला, त्यावर चार रकाने आखले आणि म्हणाला, आता बघ.

तो नॅपकिन अजून माझ्याकडे आहे. खालचं बरंचसं त्याच्यावरूनच लिहितोय.

एक खुलासा आधीच. इथे फुटबॉल म्हणजे कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर खेळतात तो नाही. लंबगोल चेंडूचा, ३२ संघांचा, एनएफएल या अमेरिकन लीगचा फुटबॉल. आणि आपल्या डोक्यात संघबांधणी म्हणजे आयपीएलचा लिलाव पक्का बसलेला असतो: २०२५च्या हंगामासाठी प्रत्येक संघाला १२० कोटी रुपयांची पर्स, लखनौने ऋषभ पंतसाठी २७ कोटी मोजले, पर्समधून २७ कोटी सरळ वजा. ही वजाबाकी डोक्यातून काढून टाका. एनएफएलमध्ये दिलेले पैसे आणि वहीत लिहिलेले पैसे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

जवळ काय ठेवायचं

- ओव्हर द कॅप किंवा स्पॉट्रॅक यांपैकी एक संकेतस्थळ. दोन्हीकडे प्रत्येक कराराची वर्षवार फोड मिळते. आकड्यांत थोडा फरक दिसला तर गोंधळू नका, एकच धरून चाला.
- एक्सेलची शीट किंवा चौकटींची वही. वही बरी.
- लीगचं त्या वर्षीचं वेळापत्रक.
- एकच संघ. बत्तीसच्या बत्तीस संघांचा हिशेब ठेवायला जाल तर पहिल्याच आठवड्यात दमाल.

१. कॅप म्हणजे काय, हे एकदा नीट समजून घ्या

१९९३पर्यंत करार संपलेल्या खेळाडूलाही खऱ्या अर्थाने संघ बदलता येत नव्हता. खेळाडू कोर्टात गेले, जिंकले, तडजोड झाली आणि खुला बाजार, म्हणजेच फ्री एजन्सी, सुरू झाला. त्या पहिल्या वर्षीचा सगळ्यात मोठा मासा रेजी व्हाइट. त्याने ग्रीन बेशी चार वर्षांचा १.७ कोटी डॉलरचा करार केला. मालकांनी बाजार उघडू दिला, पण बदल्यात पगारावर मर्यादा घालून घेतली. तीच सॅलरी कॅप. १९९४मध्ये ती होती सुमारे ३.४६ कोटी डॉलर. २०२५मध्ये २७.९२ कोटी.

हा आकडा कोणी मनाने ठरवत नाही. लीगच्या एकूण उत्पन्नातला ठरलेला हिस्सा खेळाडूंना द्यायचा असतो, लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या २०२०च्या करारानुसार किमान ४८ टक्के. त्यावरून प्रत्येक संघाची मर्यादा निघते. टीव्हीचे करार वाढले की कॅप वाढते. प्रेक्षकांविना गेलेल्या करोनाच्या हंगामानंतर मात्र ती १९.८२ कोटींवरून १८.२५ कोटींवर घसरली. "कॅप काय, दरवर्षी वाढतेच" असं गृहीत धरून पुढच्या तारखेचे चेक लिहून बसलेल्या संघांची त्या वर्षी चांगलीच त्रेधा उडाली.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. ही मर्यादा पक्की आहे. बेसबॉलसारखा जादा कर भरून ओलांडता येत नाही. आणि खालच्या बाजूलाही बंधन आहे: ठरलेल्या तीन वर्षांत मिळून मर्यादेच्या ९० टक्के रक्कम संघाला रोखीत खर्च करावीच लागते. म्हणजे उधळ्या मालकाला लगाम, तसा कंजूष मालकालाही चिमटा. न वापरलेली जागा पुढच्या वर्षात नेता येते.

२. तारखा आणि घड्याळ लावून घ्या

लीगचं आर्थिक वर्ष मार्चच्या मध्यावर, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या दुपारी चार वाजता सुरू होतं. २०२५मध्ये १२ मार्चला झालं. त्या ठोक्याला प्रत्येक संघ मर्यादेच्या आत हवा. त्याआधी दोन दिवस, दुपारी बारापासून, संघांना दुसऱ्यांच्या मोकळ्या होणाऱ्या खेळाडूंच्या एजंटांशी बोलायची अधिकृत मुभा असते. सही चालत नाही, बोलणी चालतात. याला गंमतीने सगळे 'कायदेशीर फोडाफोडी' म्हणतात. खऱ्या बातम्या याच दोन दिवसांत फुटतात. चारच्या ठोक्याला फक्त शाई लागते.

पुण्यात किंवा नागपुरात बसून बघणार असाल, तर बोलणी सुरू होतात रात्री साडेनऊला आणि वर्ष उघडतं मध्यरात्रीनंतर दीडला. साडेनऊला जागं राहणं पुरे. दीडला जागून काही हाती लागत नाही.

३. कोण मोकळा आहे, ते आधी तपासा

चार किंवा अधिक हंगाम पूर्ण झालेत आणि करार संपलाय, तो खेळाडू पूर्ण मोकळा. तीनच हंगाम झाले असतील तर त्याला दुसऱ्याने बोलावता येतं, पण जुना संघ तेवढाच भाव देऊन त्याला ठेवून घेऊ शकतो. त्याहून कमी असतील तर त्याच्या हाती जवळजवळ काही नाही. एका हंगामात किमान सहा सामने पूर्ण पगारावर असलात, तरच तो हंगाम मोजला जातो.

यात एक मेख आहे, फ्रँचायझी टॅग. संघ आपल्या एका खेळाडूला, करार संपला तरी, एक वर्षाच्या ठरलेल्या मोठ्या पगारावर अडवून ठेवू शकतो. पगार मोठाच असतो, पण खेळाडूंना ते आवडत नाही, कारण पुढच्या वर्षांची हमी जाते. पिट्सबर्गच्या लेव्हिऑन बेलने २०१८मध्ये टॅगवर सही करण्यापेक्षा अख्खा हंगाम घरी बसणं पसंत केलं. कर्क कझिन्सने मात्र वॉशिंग्टनचे लागोपाठ दोन टॅग निमूटपणे घेतले आणि २०१८मध्ये मिनेसोटाकडून तीन वर्षांचे ८.४ कोटी वसूल केले, सगळे हमीचे.

फेब्रुवारीत 'यंदाचे सर्वोत्तम मोकळे खेळाडू' अशा याद्या येतात. त्यांतली पहिली काही नावं मार्च उजाडेपर्यंत टॅगखाली गेलेली असतात. वहीत नावं पेन्सिलीने लिहा.

४. आकडा फोडून वाचा

आता नॅपकिन. चार वर्षं, आठ कोटी डॉलर. यातले ३.२ कोटी सहीचा बोनस, म्हणजे सही झाली की मिळणारी एकरकमी रक्कम. बाकीचे ४.८ कोटी मूळ पगार: पहिल्या वर्षी २० लाख, दुसऱ्या वर्षी १ कोटी, तिसऱ्या आणि चौथ्या वर्षी प्रत्येकी १.८ कोटी.

नियम असा की सहीचा बोनस खेळाडूला लगेच मिळाला, तरी वहीत, म्हणजे मर्यादेच्या हिशेबात, तो कराराच्या वर्षांत समान वाटून लिहायचा, जास्तीत जास्त पाच वर्षांत. इथे चार वर्षं, म्हणजे दर वर्षाला ८० लाख. मग रकाने असे भरतात:

- पहिलं वर्ष: पगार २० लाख + बोनसचा हप्ता ८० लाख = वहीत १ कोटी. खेळाडूच्या हातात ३.४ कोटी.
- दुसरं वर्ष: १ कोटी + ८० लाख = १.८ कोटी. हातात १ कोटी.
- तिसरं वर्ष: १.८ कोटी + ८० लाख = २.६ कोटी. हातात १.८ कोटी.
- चौथं वर्ष: तेच, २.६ कोटी. हातात १.८ कोटी.

वहीतली बेरीज आठ कोटी, हातातली बेरीजही आठ कोटी. कुठेच लबाडी नाही. पण दीड कोटींची जागा असलेल्या संघाने ३.४ कोटी मोजले आणि वहीत एकच कोटी लिहिला. मी टेबलावर का आपटलो, ते आता कळलं असेल.

इथेच सगळ्यात मोठा सापळा लपलाय: बातमीतला मोठा आकडा. चौथ्या वर्षाचे १.८ कोटी हमीचे नसतील तर ते मिळतीलच असं नाही. तिसऱ्या वर्षाआधी संघ त्याला सोडू शकतो. म्हणून नवा करार दिसला की तीनच प्रश्न विचारा. हमी किती? पहिल्या दोन वर्षांत हातात किती? फारसं नुकसान न होता संघाला सुटका कोणत्या वर्षी? एकूण रकमेचा प्रश्न एजंटच्या अभिमानाचा आहे, आपला नाही.

५. मालकाची रोकड कुठून आत शिरते, ते पाहा

सगळ्यांना सारखीच मर्यादा, तर मग श्रीमंत आणि सढळ मालकाचा फायदा तो काय? वर पाहिलंत तोच. पहिल्या वर्षी ३.४ कोटी रोख मोजायला गल्ल्यात ते असावे लागतात. शिवाय हमी दिलेल्या पुढच्या रकमेचा मोठा भाग मालकाला आधीच बाजूला काढून ठेवावा लागतो. संघ हाच ज्यांचा मुख्य धंदा आहे, अशा जुन्या घराण्यांना हे जड जातं. सिनसिनाटीच्या ब्राउन कुटुंबाची हमी देताना हात आखडता घेण्याबद्दल ख्याती होती ती उगाच नाही. उलट वॉलमार्टच्या वॉल्टन घराण्यातली मंडळी २०२२मध्ये ४६५ कोटी डॉलर मोजून डेन्व्हरचा संघ घेतात, तेव्हा बोनसचा चेक हा त्यांच्यासाठी प्रश्नच नसतो. ग्रीन बेला तर मालकच नाही, तिथे लाखो भागधारक आहेत.

या वाटेचा धडा डलासच्या जेरी जोन्सने १९९५मध्ये घालून दिला. डिऑन सँडर्सला सात वर्षांचे ३.५ कोटी, त्यात बोनस जवळजवळ १.३ कोटी. नेमका १३चा आकडा नको म्हणून किंचित खाली ठेवला, असं सांगतात. सुरुवातीचे मूळ पगार अगदी किरकोळ. वहीत सँडर्स स्वस्तात बसला, डलासने त्याच हंगामाची सुपर बोल, म्हणजे विजेतेपदाची अंतिम लढत, जिंकली आणि लीगने नियम आवळले.

मग वॉशिंग्टनचा डॅनियल स्नायडर. २०००मध्ये मर्यादा होती सुमारे ६.२ कोटी. त्याने सँडर्स, ब्रूस स्मिथ, जेफ जॉर्ज असे नावाजलेले पण उतरतीला लागलेले खेळाडू गोळा करून रोखीचा खर्च दहा कोटींच्या आसपास नेला. (त्याच उन्हाळ्यात सराव बघायलाही तिकीट लावलं, म्हणजे उधळेपणाला दुसरी बाजूही होती.) निकाल: आठ विजय, आठ पराभव. २००९मध्ये अल्बर्ट हेन्सवर्थला सात वर्षांचे दहा कोटी, ४.१ कोटी हमीचे. पठ्ठ्या वॉशिंग्टनकडून २० सामने खेळला आणि बाहेर पडला. स्नायडरने २०२३मध्ये संघ विकला, तोवरच्या २४ वर्षांत प्लेऑफचे दोन सामने जिंकले होते. दोन.

२०१०ची गोष्टही इथेच सांगतो. लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या करारातल्या तरतुदीमुळे त्या एका वर्षी मर्यादाच नव्हती. वॉशिंग्टन आणि डलासने मोठमोठे पगार त्याच वर्षात ओतून पुढची वही स्वच्छ करून घेतली. डलासने एकट्या माइल्स ऑस्टिनचे सुमारे १.७ कोटी त्या वर्षी लिहिले. लीगने २०१२मध्ये दोघांच्या मर्यादेतून दोन वर्षांत मिळून अनुक्रमे ३.६ कोटी आणि १ कोटी कापले. दोघांनी दाद मागितली, लवादाने फेटाळली. मर्यादाच नव्हती त्या वर्षी मर्यादेची पायमल्ली केल्याची शिक्षा! मला हे आजही पटत नाही, पण बाकीच्या मालकांना पटलं, आणि लीग त्यांचीच आहे.

६. 'फेररचना' ऐकून भावुक होऊ नका

दरवर्षी बातमी येते: अमक्याने संघासाठी करार बदलून दिला, केवढी जागा मोकळी झाली! नवखे लोक त्याला त्याग समजतात. नॅपकिनवरच्या खेळाडूचं दुसरं वर्ष घ्या. त्याचा पगार १ कोटी. संघ त्यातले ९० लाख सहीच्या बोनसमध्ये बदलतो आणि उरलेल्या तीन वर्षांत वाटतो, वर्षाला ३० लाख. वहीत दुसऱ्या वर्षी १.८ऐवजी १.२ कोटी. साठ लाख मोकळे. तिसरं आणि चौथं वर्ष मात्र २.६वरून २.९ कोटींवर. खेळाडूचा एक पैसा गेला नाही, उलट हंगामभर आठवड्याला मिळणारा पगार एकरकमी आधी मिळाला. पगारकपात ही वेगळी गोष्ट आहे आणि ती क्वचित होते.

वाटायला वर्षं कमी पडली, तर कराराच्या शेपटाला खोटी वर्षं जोडतात. त्यांना व्हॉइड इयर्स म्हणतात. त्या वर्षांत तो खेळाडू खेळणार नाही हे दोघांनाही माहीत असतं, ती असतात फक्त हप्ते टांगायच्या खुंट्या. न्यू ऑर्लिन्सने वर्षानुवर्षं हेच केलं. दर फेब्रुवारीत मर्यादेच्या कितीतरी बाहेर, दर मार्चमध्ये कसेबसे आत.

हे वेडेपणाचं आहे का? नेहमीच नाही. घराचं कर्ज घेताना हप्ता जड वाटतो, दहा वर्षांनी पगार वाढला की तोच हप्ता हलका होतो. कॅप वाढत असताना आजचा खर्च उद्यावर टाकणं हिशेबाने शहाणपणाचं ठरू शकतं. फिलाडेल्फियाचा मालक जेफ्री लुरी रोकड काढायला तयार असतो आणि संघबांधणी बघणारा हॉवी रोझमन ती याच खुंट्यांवर टांगतो. फरक एवढाच की ते मुख्यतः तरुण, उमेदीतल्या खेळाडूंवर टांगतात. पस्तिशीतल्या खेळाडूवर टांगलेला हप्ता म्हणजे उधारीचं पोतं.

७. खेळाडूला सोडलं तर किती उरतं, ते मोजा

सोडलं म्हणून वाटून लिहिलेला बोनस नाहीसा होत नाही. राहिलेले सगळे हप्ते एकदम वहीवर येतात. त्याला डेड मनी म्हणतात. नॅपकिनवाला खेळाडू दोन वर्षांनी सोडला, फेररचना केली नव्हती असं धरा: ८० लाखांचे दोन हप्ते, १.६ कोटी डेड मनी. तिसऱ्या वर्षी त्याचे २.६ कोटी लागणार होते, म्हणजे बचत एक कोटी. फेररचना केली असेल तर डेड मनी २.२ कोटी आणि बचत अवघी ७० लाख. मागच्या वर्षीच्या साठ लाखांची किंमत इथे वसूल होते.

१ जूननंतर सोडलं, तर त्या वर्षीचा एकच हप्ता त्या वर्षी आणि बाकी सगळं पुढच्या वर्षी. प्रत्येक संघाला मार्चमध्येच दोन खेळाडू 'जूननंतरचे' म्हणून सोडता येतात, पण मोकळी होणारी जागा जूनमध्येच हाती येते. संघाला मार्चमध्ये जागा हवी असेल तर ही सवलत तेव्हा कामाची नाही. पहिल्या वर्षी मी इथेच दोनदा चुकलो.

डेन्व्हरच्या नव्या मालकांनी आल्याआल्या क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा, संघाचा कणा) रसेल विल्सनचा करार पाच वर्षांनी वाढवला. २०२४च्या मार्चमध्ये त्याला सोडलं तेव्हा डेड मनी झालं ८.५ कोटी, तोवरचा विक्रम. दोन वर्षांत विभागलं तरी पहिल्या वर्षी ५.३ कोटी. आणि तरीही त्याच हंगामात डेन्व्हर दहा सामने जिंकून प्लेऑफमध्ये गेलं, कारण क्वार्टरबॅक बो निक्स नवखा होता आणि नवख्यांचे पगार ठरावीक, स्वस्त असतात. म्हणून डेड मनीचा आकडा पाहून लगेच संघाचं श्राद्ध घालू नका. क्वार्टरबॅक किती रुपयांचा आहे, ते आधी बघा. क्लीव्हलँडने देशॉन वॉटसनला दिलेले २३ कोटी संपूर्ण हमीचे होते. तिथे सोडून सुटकाच नव्हती, म्हणून वर्षामागून वर्ष फेररचना होत राहिली.

८. मार्च जिंकणाऱ्यांवर पैज लावू नका

आमच्याकडे २०११ हे साल कुणी मोठ्याने काढत नाही. ईगल्सने त्या वर्षी बाजार लुटला. नामडी असोम्वाला पाच वर्षांचे सहा कोटी दिले. नवा आलेला राखीव क्वार्टरबॅक विन्स यंग 'ड्रीम टीम' असं बोलून गेला आणि ते नाव कायमचं चिकटलं. पहिल्या पाचातले चार सामने हरले, शेवटी आठ-आठ.

मालक तोच लुरी. २०२४च्या मार्चमध्ये त्यांनी न्यू यॉर्क जायंट्सकडून मोकळा झालेला सॅक्वॉन बार्कली घेतला: तीन वर्षं, ३.७७५ कोटी, २.६ कोटी हमीचे. आणि बातमीच्या तळाशी कुणी वाचलंही नसेल असा झॅक बॉन, एक वर्ष, ३५ लाख. बार्कली २,००५ यार्ड धावला, बॉन लीगच्या उत्तम लाइनबॅकरांत (बचावफळीतल्या खेळाडूंत) गणला गेला आणि फेब्रुवारी २०२५मध्ये कॅन्सस सिटीला ४०-२२ हरवून सुपर बोल घरी आली.

त्यामुळे पहिल्या तीन दिवसांच्या चढ्या भावाच्या बातम्या वाचून झाल्या की वही मिटू नका. चौथ्या दिवसानंतरचे एक-एक वर्षाचे करार उतरवून घ्या. तुमच्या संघाने कोण गमावले तेही लिहा, कारण जास्त गमावून कमी घेणाऱ्या संघांना पुढच्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये (नवख्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) भरपाईच्या निवडी मिळतात, तिसऱ्या ते सातव्या फेरीत, एका संघाला जास्तीत जास्त चार. काही शहाणे संघ एप्रिल संपेपर्यंत मुद्दाम हात बांधून बसतात ते याच हिशेबाने. ड्राफ्टनंतर केलेल्या सह्या या गणितात धरत नाहीत, आणि मे महिन्यात अचानक ओळखीची नावं स्वस्तात विकली जाताना दिसतात.

नॅपकिनच्या मागच्या बाजूला सहकाऱ्याने बॉनचं नाव लिहून ठेवलंय. ते त्याने सुपर बोलच्या दुसऱ्या दिवशी लिहिलं, आधी नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाला, मार्चमध्ये मलाही तो कोण ते माहीत नव्हतं.